त्या दोन प्लेटा

कोन, ता. भिवंडी
रविवार

चि. छकुलीस,


परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस आणि रात्री तो लांबलचक मेसेज पाठवलास. मी तो तीनदा वाचला. पीएचडीला रसायन धरू, कर्करोगाच्या पेशी धरू की सरळ गणिताकडे वळू, यावर तू पानभर लिहिलं आहेस. आणि अगदी शेवटी एकच ओळ: बारा प्लेटांपैकी दोन प्लेटांत औषधाने पेशी मेल्याच नाहीत, माझ्याच हातून काही बिघडलं असेल, त्या दोन गाळल्या की आलेख सुरेख बसतो. विषयाचं पुढे लिहिते. मला झोप लागली नाही ती त्या शेवटच्या ओळीमुळे.

गाळू नकोस.

बुरशी दिसली, इनक्युबेटर मध्येच बंद पडला, पिपेट चुकली, असं काही त्याच दिवशी तुझ्या वहीत लिहिलेलं असेल तर त्या प्लेटा खुशाल बाजूला ठेव, आणि का ठेवल्या तेही प्रबंधात लिही. पण कारण जर आलेख काढल्यावर सुचलं असेल, तर ते कारण नव्हे, ती तुझी इच्छा आहे. उद्याच सरांकडे जा आणि सांग, ‘सर, दहा अशा आल्या, दोन तशा आल्या, मला पुन्हा करून बघायचंय.’ परिषदेची तारीख गेली तर जाऊ दे. आणि त्या दोन प्लेटांतल्या पेशी अजून जिवंत असतील तर आधी गोठवून ठेव. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी हाच तर या रोगाचा खरा पेच आहे. पहिल्या वर्षी औषध लागू पडलं आणि दुसऱ्या वर्षी आजार उलटला, असं आपल्याच नात्यात आपण पाहिलंय. तुझा हात चुकला असेल किंवा नसेलही. पुन्हा केल्याशिवाय ते तुलाही कळायचं नाही.

मी हे इतक्या ठामपणे का म्हणते, ते टाटा मेमोरियलच्या एका अभ्यासावरून सांगते. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत २०११ ते २०२२ या काळात तो केला आणि २०२३मध्ये तो छापून आला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्याआधी काही मिनिटं गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तेच औषध, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. यात एकूण १,५८३ स्त्रियांचा हिशेब झाला. कोणाला इंजेक्शन द्यायचं आणि कोणाला नाही, हे चिठ्ठी काढावी तसं ठरलं, डॉक्टरांच्या मनावर सोडलं नाही. पाच वर्षांनी पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेल्यांत ८२.६ टक्के स्त्रियांचा आजार उलटला नव्हता आणि घेतलेल्यांत ८६.६ टक्के. जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४वरून ९०.१वर गेलं.

फरक शंभरात चारचा. एकेका गटात साधारण आठशे जणी धर, म्हणजे ढोबळ हिशेबाने बत्तीस बायका. आता विचार कर. कुठल्या तरी केंद्रावर कोणी मनात म्हणालं असतं की ही बाई आमच्या गटात बसत नाही, हिचा कागद नीट नाही, हिला सोडू या. आणि अकरा केंद्रांवर असे तीन-तीन कागद इकडचे तिकडे झाले असते, तर ते चार टक्के दिसेनासे झाले असते. किंवा मुळात नसलेले चार टक्के दिसले असते, ते तर जास्तच वाईट. मोठं सत्य ढिसाळ मोजणीतूनही दिसतं. तंबाखूने कर्करोग होतो, हे तसंच कळलं. पण आता जे सापडायचं राहिलंय ते बहुतेक असं शंभरात चारचं आहे, आणि ते तुझ्यासारख्या मुलींनी वहीत काय लिहिलं आणि काय नाही, यावर उभं राहणार आहे.

तुझ्या काकांनी भिवंडीत मागावर तीस वर्षं काढली. ते सांगायचे, ताण्यातली एक तार तुटली आणि माग चालूच ठेवला, तर कापडात उभी रेघ पडते आणि तागा संपेपर्यंत ती तशीच पुढे जाते. म्हणून तार तुटली की माग थांबवायचा, मीटर कमी भरले आणि मजुरी कमी मिळाली तरी. घरात पैशाची ओढ असताना त्यांनी माग थांबवलेला मी पाहिलाय.

माझ्या हातूनही एक चूक झाली आहे, ती तुला सांगते. सातवीच्या वर्गात मी मुलांना कापरेकरांचा ६१७४ शिकवायची. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्याच भागातले, जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात, आणि पुढे निवृत्तीपर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तरकी. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे आणि वजाबाकी करायची; आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. १९५० घे: ९५१०मधून ०१५९ गेले की ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. सातच्या पुढे कधी जावंच लागत नाही. एक मुलगा तिसऱ्या पायरीला हातचा विसरला, तरी शेवटी ६१७४ आलंच. मी शेवटची ओळ पाहिली आणि पैकीच्या पैकी गुण दिले. पुढच्या आठवड्यात वही चाळताना चूक दिसली, तरी मी गप्प राहिले. ती संख्या अशी आहे की वाटेत चुकलेल्यालाही बहुतेक वेळा आपल्यापाशी आणते. पण त्या मुलाने माझ्याकडून शिकून घेतलं की शेवट जुळला म्हणजे झालं. ते मला आजही टोचतं. तुझ्या कामात असं माफ करणारं ६१७४ नाही.

आता दुसरी गोष्ट, तुझ्या आजीची. तुला आठवत नसेल, तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. गालाच्या आत गाठ आली म्हणून तिला मुंबईला एका रुग्णालयात नेलं. तिथे फॉर्म भरणाऱ्या मुलाने विचारलं, ‘तंबाखू खाता? विडी ओढता?’ आई म्हणाली, ‘नाय रं बाबा, कधीच नाय.’ त्याने दोन्ही रकान्यांत ‘नाही’ लिहिलं. ती खोटं बोलली नाही. ती मशेरी लावायची. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, बोटाने दातांना आणि हिरड्यांना, सकाळ-संध्याकाळ, चाळीस वर्षं. तिच्या लेखी ते दात घासणं होतं. मी शेजारी उभी होते, विज्ञान शिकवणारी बाई, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. कुठल्या तरी मोजणीत माझी आई तंबाखू न घेणारी म्हणून जमा झाली असेल.

म्हणून प्रश्न माणसाच्या शब्दांत विचारायला शीक. टाटा रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. त्यांनी १९४०च्या दशकात कमरेभोवती घट्ट बसणाऱ्या धोतराच्या काठाशी होणाऱ्या कातडीच्या कर्करोगावर लिहिलं. माणूस काय नेसतो आणि कुठे आवळतो, हे ज्याला विचारावंसं वाटलं त्यालाच तो कर्करोग दिसला. माधव गाडगीळांचंही तसंच. हार्वर्डला गणिती परिसरशास्त्र शिकून आलेला हा पुण्याचा माणूस उत्तर कन्नडच्या जंगलात बांबू का घटतोय हे शोधायला गेला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. गर्दी कमी झाली तर बांबू फोफावेल म्हणून ते साफ केलं जात होतं. गावकरी म्हणत होते की त्या काट्यांमुळेच कोवळे कोंब गुरांच्या तोंडून वाचतात. गाडगीळांनी ते नुसतं ऐकून मान डोलावली नाही, बेटं मोजली, कोंब मोजले, आणि गावकऱ्यांचं खरं निघालं. मला यातली दोन्ही अंगं महत्त्वाची वाटतात. लोकांचं ऐकायचं आणि मग तेही मोजायचं. नुसतं ऐकून लिहिलं असतं तर ते एक मत राहिलं असतं.

बांबूवरून आठवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरामी आणि मस्कारेन्हस या तिघांनी १९९०मध्ये काचेच्या नळीतल्या बांबूच्या रोपांना फुलं आणल्याचं ‘नेचर’मध्ये छापलं. जो बांबू फुलायला कित्येक दशकं घेतो, तो नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन घातलेल्या खाद्यावर काही महिन्यांत फुलला. ज्या संस्थेच्या नावातच रसायन आहे तिथे हे झालं. रसायनशास्त्र म्हणायचं की वनस्पतिशास्त्र?

इथे तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर मला फार लांब वाटत नाही. त्या लिडोकेनच्या अभ्यासाकडेच पुन्हा बघ. औषध रसायनाचं. ते पेशीच्या पडद्यावरची, विजेच्या दाबाने उघडमीट करणारी सोडियमची दारं बंद करतं, ते भौतिकशास्त्र. कर्करोगाच्या पेशींवरही ती दारं असतात आणि पसरायला त्यांचा उपयोग होतो, हे जीवशास्त्र. चिठ्ठ्या आणि टक्के हे गणित. हेच माणसांतही बघ. कमल रणदिवेंनी १९४३मध्ये एमएस्सी केली ती सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. मग मुंबईत खानोलकरांच्या हाताखाली उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगावर काम धरलं, १९४९मध्ये डॉक्टरेट झाल्या, आणि पुढे देशात ऊतीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. झाडाच्या पेशी बघायची शिस्त उंदराच्या पेशींना उपयोगी पडली. तू जिथे काम शिकवणारा माणूस चांगला आहे तिथे जा. मार्गदर्शकाला भेटायच्या आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ आणि एकच विचार: न जमलेला प्रयोग घेऊन गेलं की सर काय म्हणतात? त्या उत्तरावरून ठरव. गणित मात्र सोडू नकोस. विषय कोणताही घे, संख्याशास्त्राचा एक पूर्ण अभ्यासक्रम मन लावून कर. हे मी आज्ञा म्हणून लिहिते.

आणि शब्द जपून वापर. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. तुला शाळेत असताना सहलीला नेलं होतं, तिथे तू डबा विसरून आलीस. त्या दुर्बिणीच्या नोंदी युरोपातल्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना जोडून २०२३च्या जूनमध्ये आपल्या आणि युरोपच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की मृत ताऱ्यांच्या ठोक्यांत गुरुत्वीय लहरींचा मंद गुंजारव असल्याचा पुरावा दिसतोय. पुरावा म्हणाले, शोध लागला म्हणाले नाहीत. शोध म्हणायला भौतिकशास्त्रात जेवढी खात्री लागते, तेवढी अजून झाली नव्हती, आणि तसं त्यांनी स्वतःच लिहिलं. पाव शतक मोजल्यावर! तुझ्या दहा प्लेटांवर ‘औषध गुणकारी आहे’ असं वाक्य मला दिसायला नको.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या काकांचा खोकला कमी आहे. दुर्गाडी पुलावरची गर्दी आहे तशीच, तेव्हा कल्याणला उतरलीस की आधी फोन कर, घाईने रिक्षा धरू नकोस.

आणखी एक. आपल्या मागच्या आळीतले नाना अजूनही खाडीत जाळं टाकतात. पूर्वी इथे जिताडा किती मिळायचा, निवट्या किती, हे गावातले म्हातारे छातीवर हात ठेवून सांगतात, पण तारीख घालून कोणी कुठे लिहिलेलं नाही. म्हणून गेल्या दिवाळीपासून मी एक वही घातली आहे. नाना संध्याकाळी येऊन ओट्यावर बसतात, मी लिहून घेते: तिथी, तारीख, भरती की ओहोटी, कोणता मासा, किती. पहिल्या महिन्यात ते रिकाम्या हाताने परतले की येतच नसत, म्हणून ते दिवस कोरे राहिले. आता त्यांना सांगितलंय, काही मिळालं नाही तरी यायचं, चहा घ्यायचा. गणपतीला येशील तेव्हा ती वही बघ आणि कुठला रकाना कमी आहे ते सांग. गेल्या महिन्यात अकरा दिवसांपुढे ‘काही नाही’ लिहिलेलं आहे.

त्या दोन प्लेटांचं काय झालं ते कळव.

तुझी,
मावशी