रकबा म्हणजे हद्द नव्हे

सातबाऱ्यावर क्षेत्र 1.20.00 असं छापलेलं असतं. हे एक एकर वीस गुंठे नव्हे, एक हेक्टर वीस आर आहे. एकरात सांगायचं तर दोन एकर साडेअडतीस गुंठे. वाचताना एवढी एक चूक झाली की जवळपास निम्मी जमीन कागदावरच जाते. दुसरी चूक याहून लहान दिसते, म्हणून ती कुणी मनावर घेत नाही. ती म्हणजे आर आणि गुंठा एकच समजणं. गुंठा म्हणजे तेहतीस फुटी साखळीचा चौरस, 1,089 चौरस फूट. आर म्हणजे 100 चौरस मीटर, साधारण 1,076 चौरस फूट. फरक तेराएक चौरस फुटांचा, पण दहा एकरांचे 400 गुंठे सरळ 400 आर धरले तर खऱ्या 404.69 आरांतले पावणेपाच आर हातचे जातात. शेताची भांडणं बांधावर दिसतात, पण त्यांतली कितीतरी मुळात शब्दांची असतात, असं माझं मत आहे. म्हणून मोजणीचा अर्ज करण्याआधी आणि खरेदीखतावर सही करण्याआधी हे शब्द नीट समजून घ्या, एवढंच माझं सांगणं.

सगळ्यात जास्त घोळ तीन शब्दांचा होतो: रकबा, हद्द आणि ताबा. रकबा म्हणजे क्षेत्र, किती जमीन ते. हद्द म्हणजे ती जमीन नेमकी कुठून कुठपर्यंत ते. ताबा म्हणजे आज ती कोण कसतो ते. सातबारा रकबा सांगतो, खातेदार सांगतो, पोटखराबा सांगतो. तुमचा धुरा बाभळीच्या अलीकडे की पलीकडे, हे तो सांगत नाही. ते सांगायला टिपण, म्हणजे मोजणीच्या मापांची मूळ नोंद, गटाचा नकाशा आणि पोटहिस्सा पडला असेल तर फाळणी, म्हणजे हिश्शांचा नकाशा, लागतो. गाव नकाशावर पट्टी ठेवून बांध ठरवायला जाऊ नये. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. त्या रेघेतच बैलगाडीची वाट मावते, मग भांडण मावायला कितीसा वेळ!

आपल्या बीड जिल्ह्यात या घोळाला इतिहासाचीही जोड आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 साली मुंबई राज्यात आला. म्हणून आपल्याकडे रकबा हा शब्द अजून तोंडी आहे, आणि जुना हक्क शोधायचा तर सेतवार आणि खासरा पत्रक ही जुनी महसुली कागदपत्रं काढावी लागतात. पुढे मुंबईच्या 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गट पडले आणि सर्वे नंबरांचे गट नंबर झाले. आजोबांच्या खरेदीखतावर सर्वे नंबर, नातवाच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्ही आकडे वेगळे, जमीन मात्र एकच, किंवा तशी समजूत. ती खरी की नाही, हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर ताळा घालूनच पाहावं. नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवून सौदा करू नये.

यावर लगेच उत्तर येतं, की आता मोबाइल आहे, बांधावरून एक फेरी मारली की क्षेत्र समजतं. ढोबळ अंदाजाला ते चालेल. पण मोकळ्या आभाळाखालीही साध्या फोनची जागा तीन-चार मीटर इकडेतिकडे होते. दोनशे मीटर लांब धुरा एक मीटर जरी सरकला तरी 200 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दोन गुंठे हलतात. शिवाय जागेचे अक्षांश-रेखांश कुठल्या मापाच्या पृथ्वीवर काढले, हाही प्रश्न असतो. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला 1802 साली मद्रासला सुरुवात करणारा विल्यम लॅम्बटन 1823 साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा जो लंबगोल आकार धरला, त्यावर जुने भूपत्रक नकाशे बेतलेले आहेत. आजचा फोन डब्ल्यूजीएस-84 हा दुसरा आकार धरतो. जुन्या नकाशावरचे अंक तसेच्या तसे फोनमध्ये टाकले, तर बीडच्या परिसरात ठिकाण शंभर मीटरहून अधिक सरकतं. ही अंकांची चूक नाही. ते कोणत्या आधारावर काढले, हे न विचारण्याची चूक आहे.

मग मोजणीच्या रोव्हर या उपग्रह-यंत्राने तरी वाद मिटेल ना? रोव्हर बिंदू काही सेंटिमीटरपर्यंत नेमका दाखवतो, हे खरं. पण जुनी खूण कुठे होती, हे त्याला ठाऊक नसतं. ते टिपणावरून आणि शाबूत दगड-बुरुजांवरूनच ठरवावं लागतं. चुकीचा दगड धरला तर तो चुकीचा बांध फार नेमकेपणाने आखून देईल, इतकंच. बालाघाटाच्या उतारावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोजणीचं क्षेत्र सपाटीवरचं असतं. पाच मीटरला एक मीटर चढ असलेल्या रानात उताराला लागून फीत धरली, तर सपाटीचे 100 मीटर 102 भरतात. मोजणी कार्यालयाने दोन टक्के खाल्ले, असा संशय घेण्याआधी फीत कशी धरली होती ते विचारा.

राहिला तो आक्षेप, की वाडवडिलांचा बांध हाच खरा, कागद मागाहून आले. त्यातही तथ्य आहे. दीर्घ वहिवाटीला कायद्यात वजन आहे, आणि मालकी दिवाणी न्यायालय ठरवतं, भूकरमापक नाही. पण वहिवाट सिद्ध करायची तर ती हद्दीपासून किती आत किंवा बाहेर आहे, हे आधी मोजूनच दाखवावं लागतं. म्हणजे बांध मानणाऱ्यालाही मोजणी टाळता येत नाही.

तेव्हा अर्जात हद्द कायम मोजणी हवी की पोटहिस्सा मोजणी, हे स्पष्ट लिहा. नोटीस आली की भाऊबंद आणि लगतचे खातेदार यांच्यासह जागेवर उभे राहा. हरकत असेल तर ती तोंडी न सांगता त्याच दिवशी जबाबात लिहून द्या. मोजणीच्या नकाशाची क प्रत हाती आली की अभिलेखाची हद्द कोणती आणि वहिवाटीची कोणती, हे विचारून घ्या. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा मार्ग आहे, कुदळीचा नाही. आणि जो शब्द कळला नाही, त्याच्याखाली सही करू नका.