मुका सिनेमा बोलू लागला

मंडळी, आजच्या सिनेमातली माणसं बोलतात, गातात. पण पूर्वी सिनेमा मुका होता. त्याला मूकपट म्हणत.

मूकपटात माणसांचे ओठ हलत, पण आवाज येत नसे. मग ती काय बोलली हे कसं कळावं? मधूनमधून पडद्यावर अक्षरं येत. ज्याला वाचता येई, तो वाची आणि हसे.

आमच्या आजोबांनी आर्वीच्या बाजारात, तंबूत, मूकपट पाहिला होता. अक्षरं आली की ते शेजाऱ्याला विचारीत, "भाऊ, काय लिवलं जी?" भाऊ सांगे, तोवर अक्षरं निघून जात. आजोबा म्हणत, "सारे हसून झाले की मग मी हसायचो."

पुढे फितीच्या कडेला आवाजही उमटवता येऊ लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' लागला. हा आपल्या देशातला पहिला बोलपट. तो हिंदीत होता. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठीत आला.

ती राजेराण्यांची गोष्ट होती. पोट धरून हसवणारा बोलपट १९३८ साली आला. त्याचं नाव 'ब्रह्मचारी'. तो कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने काढला. गोष्ट आचार्य अत्र्यांची. तेही एकेकाळी शाळेत हेडमास्तर होते, बरं का!

ह्यातला औदुंबर एक जोरदार भाषण ऐकतो आणि ब्रह्मचारी राहायचं ठरवतो. नट्यांची चित्रं फेकून देतो. आश्रमात जाऊन राहतो. पण तिथे किशोरी येते आणि त्याचा नेम डळमळतो! औदुंबरचं काम मास्टर विनायक यांनी केलं.

माणूस घसरून पडला तर मूकपटातही हसू येई. पण मोठमोठ्या भाषणांची थट्टा कानांनी ऐकावी लागते. ती बोलपटाने ऐकवली. वाचता न येणारा माणूसही आता साऱ्यांबरोबर हसू लागला.

पण मंडळी, सिनेमा बोलू लागला तरी सातबारा बोलत नाही. कर्जाचा कागद बोलत नाही. तिथे दुसऱ्याला "काय लिवलं जी?" विचारलं आणि त्याने खोटं सांगितलं तर? अंगठा लावल्यावर कळून काय उपयोग?

आमच्या आजोबांना शेवटपर्यंत वाचता आलं नाही. तुम्हांला आता येतं. म्हणून कागद आधी स्वतः वाचा. मगच सही करा.

सांगा पाहू :
१. आजोबा सगळ्यांच्या मागून का हसत?
२. पहिला बोलपट कोणत्या साली लागला?
३. सही करण्याआधी तुम्ही कोणता कागद वाचला?