युरोपच्या प्रवासांत घराशीं बोलणें

पूर्वीं घरांतलें माणूस परदेशीं निघालें म्हणजे त्याच्या क्षेमसमाचाराचें पत्र येईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आणि घरचीं माणसें तशी वाट पाहण्यास सिद्धही असत. आज ती सिद्धता कोणाच्या अंगीं उरलेली नाहीं. मोबाईल फोन हातीं आल्यापासून उत्तर तत्काळ मिळण्याची आपणांस संवय झाली आहे, आणि म्हणूनच चार तासांचें मौन पूर्वींच्या चार आठवड्यांहून जड वाटूं लागलें आहे. तुमच्यापैकीं कित्येक जण पुढें शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं युरोपांत जातील व त्यांचे आईबाप येथें वाट पाहत बसतील. अनेक देशांतून प्रवास करितांना फोन कसा चालतो व कोठें बंद पडतो, हें दोघांनींही समजून घेणें इष्ट आहे. हा धडा मी पुस्तकांतून शिकलों नाहीं, चुकून शिकलों. म्हणून ती चूक आरंभींच सांगतों.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी व माझे एक सहशिक्षक पॅरिस, म्युनिक, झुरिक व मिलान या क्रमानें प्रवास करीत होतों. पॅरिसमध्यें पासपोर्ट दाखवून मीं एका कंपनीचें सिम कार्ड विकत घेतलें. फ्रान्समध्यें तें उत्तम चाललें. जर्मनींत गेल्यावरही अडचण पडली नाहीं. रोज संध्याकाळीं घरीं आईशीं बोलणें होई. तिचें वय पंचाहत्तरीच्या पुढें आहे. म्युनिक सोडतांना मीं तिला सांगितलें, "झुरिकला उतरलों कीं लगेच फोन करतों. आपल्याकडे तेव्हां रात्रीचे आठ वाजले असतील."

म्युनिकहून झुरिकला जाणारी आगगाडी कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं लिंडाउ येथें येते; तेथवर जर्मनी. थोड्याच वेळांत ऑस्ट्रियांतील ब्रेगेन्झ हें नगर लागतें; आणि पुढें ऱ्हाईन नदी ओलांडून सांक्ट मार्ग्रेथेन येथें गाडी स्वित्झर्लंडांत शिरते. तासाभराच्या आंत तीन देश होतात, परंतु खिडकींतून पाहणाऱ्यास तीं सारीं कुरणें व तीं सारीं उतरत्या छपरांचीं घरें एकाच देशाचीं वाटतात. माझ्या डोळ्यांस सीमा दिसली नाहीं. माझ्या फोनास मात्र ती दिसली. स्वित्झर्लंड लागतांच इंटरनेट बंद पडलें.

हा थोड्या वेळाचा खोळंबा असेल, असें मीं समजलों. पण साडेचारच्या सुमारास झुरिक आलें तरी फोन मुकाच. उतरण्याच्या जागेचा पत्ता ई-मेलमध्यें होता; तो उघडेना. भारतांतलें सिम कार्ड खर्चाच्या भयानें घरींच ठेवून आलों होतों. स्थानकावरील एखाद्या उपाहारगृहांत वायफाय मागतां आलें असतें. परंतु 'आधीं जागा शोधूं, मग बोलूं' या हट्टांत तें राहून गेलें. लोकांस विचारीत, एकदां भलत्याच ट्रामगाडींत बसून दूर जात, शेवटीं साडेआठ वाजतां आम्ही मुक्कामास पोहोंचलों. तेथील वायफायवरून घरीं फोन लावला, तेव्हां आपल्याकडे मध्यरात्र झाली होती. पहिल्याच घंटेस आईनें फोन उचलला. शेजारचीं दोन माणसें तिच्या सोबतीस बसून होतीं. ती रागाचा एक शब्द बोलली नाहीं. "पोहोंचलास ना? मग आतां जेवून घे," एवढेंच म्हणाली. तिचा तो थकलेला स्वर मला रात्रभर ऐकूं येत राहिला.

असें कां झालें, हें आतां पाहूं. मे महिन्यांत मामाच्या गांवीं राहावयास जाणारा मनुष्य आपल्या पोस्टमास्तरास नवा पत्ता कळवून ठेवितो, म्हणजे त्याचीं पत्रें मागोमाग तिकडे जातात. मोबाईलची व्यवस्था अशीच आहे. सिम कार्डांत एक लांबलचक अंक सांठविलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे. भारताचे ४०४ किंवा ४०५, फ्रान्सचे २०८, जर्मनीचे २६२, ऑस्ट्रियाचे २३२, स्वित्झर्लंडचे २२८. परक्या देशांत फोन चालू केला, कीं तो जवळच्या मनोऱ्यास हा अंक कळवितो. मनोऱ्याची कंपनी अंकावरून तुमची मूळ कंपनी ओळखते व तीस विचारते, "हें गिऱ्हाईक तुमचेंच ना? यास सेवा द्यावी काय?" मूळ कंपनीनें होकार दिला, म्हणजे तुम्ही आंत आलां, आणि तुम्ही सध्यां कोठें आहां याची नोंदही तिच्या वहींत झाली. पुढें कोणी तुम्हांस फोन केला, तर ती वही पाहून तो तिकडे धाडला जातो. या सोयीस रोमिंग म्हणतात. ती यंत्रांच्या बळावर चालते हें खरें. पण तिचा पाया दोन कंपन्यांमधील करार हा आहे. करार नसेल, किंवा तुमच्या पैशांत त्या देशाचा समावेश नसेल, तर मनोरा डोळ्यांसमोर असूनही फोन मुका राहतो.

हे करार आपोआप झालेले नाहींत. आरंभीं उत्तरेकडील कांहीं देश सोडल्यास युरोपांत प्रत्येक मोठ्या देशाची मोबाईलची पद्धति निराळी होती. एका देशाचा फोन शेजारच्या देशांत निरुपयोगी ठरे. १९८२ सालीं एकच पद्धति ठरविण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली. १९८७ सालीं कोपनहेगन येथें १३ देशांनीं त्याविषयीं करार केला. आणि १ जुलै १९९१ रोजीं फिनलंडमध्यें या पद्धतीवरील पहिला फोन झाला. तिचें नांव जीएसएम. पुढें हीच पद्धति भारतासह बहुतेक जगानें स्वीकारली.

भाषा एक झाली, तरी दर एक झाले नाहींत. सीमा ओलांडतांच फोन अतिशय महाग होई. २००७ सालापासून युरोपीय संघानें कायद्यानें हे दर उतरविण्यास आरंभ केला, आणि १५ जून २०१७ पासून संघाच्या कोणत्याही देशांतील सिम कार्ड दुसऱ्या देशांत घरच्याच दरानें चालावें, असा नियम झाला. संघाचे २७ देश, शिवाय नॉर्वे, आइसलंड व लिख्टेन्स्टाइन यांत तो लागू आहे. स्वित्झर्लंड मात्र संघाचा सभासद नाहीं व या नियमांतही नाहीं. नकाशावर टिंबाएवढें दिसणारें लिख्टेन्स्टाइन आंत, आणि त्याला लागून असलेलें स्वित्झर्लंड बाहेर! ब्रिटन २०२० सालीं संघांतून निघालें. त्या वर्षाच्या अखेरीपासून हा नियम तेथेंही बंधनकारक राहिला नाहीं. कांहीं कंपन्या हे देश आपखुषीनें यादींत घालतात, कांहीं घालीत नाहींत. माझ्या पॅरिसच्या सिम कार्डाच्या पाकिटावर देशांची यादी छापलेली होती. तींत स्वित्झर्लंड नव्हतें. मीं ती वाचलीच नव्हती.

यावरून पुढील गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली ही, कीं जे देश ओलांडावयाचे, त्यांचीं नांवें क्रमानें कागदावर लिहावीं व एकेक नांव सिम कार्डाच्या यादीशीं ताडून पाहावें. 'सर्व युरोप' या शब्दांवर विसंबूं नये. गाडी ज्या देशांतून नुसती जाते, तोही लिहावा.

दुसरी गोष्ट, भारतांतलें सिम कार्ड घरीं ठेवूं नये. बँकेचे गुप्त अंक त्याच्यावरच येतात. निघण्यापूर्वीं त्याचें परदेशीं रोमिंग चालू करून घ्यावें. मात्र त्यावरील इंटरनेट बंद ठेवावें, नाहींतर न कळत मोठें बिल होतें. पुष्कळ फोनांत आतां दोन सिमांची सोय असते. परदेशांत असतां आलेला फोन घेण्यासही पैसे पडतात, हें घरच्यांनींही जाणून असावें.

तिसरी, बाझल व जिनीव्हा यांसारख्या सीमेवरील शहरांत फोन शेजारच्या देशाचा मनोरा धरतो. तेथें पडद्यावर कंपनीचें नांव पाहत जावें. मोठ्या जहाजांवर उपग्रहाचें स्वतंत्र जाळें असतें व तें फार महाग पडतें. समुद्रांत फोन विमानाच्या सोयीवर ठेवावा.

चौथी, मुक्कामाचा पत्ता व घरचा फोन नंबर, आरंभीं +९१ घालून, कागदावर लिहून खिशांत ठेवावा. कागदास रोमिंग लागत नाहीं. संकटसमयीं ११२ हा क्रमांक सर्व युरोपीय संघांत, तसाच स्वित्झर्लंड व ब्रिटनमध्येंही, विनामूल्य चालतो. भारतांतही तोच आहे.

पांचवी गोष्ट वेळेची. पॅरिस, बर्लिन, झुरिक व रोम येथील घड्याळ आपल्या मागें हिंवाळ्यांत साडेचार तास व उन्हाळ्यांत साडेतीन तास असतें. मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं हा बदल होतो. लंडन त्याहूनही एक तास मागें. बोलण्याची वेळ ठरवितांना हें अंतर उभय पक्षांनीं ध्यानांत घ्यावें.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फोन कोणत्या वेळीं येईल हें आपण ठरवितों. पण तो न आल्यास काय समजावें, हें ठरवीत नाहीं. मी आईस एवढेंच सांगावयास हवें होतें, कीं "फोन आला नाहीं, तर तो चालत नाहीं असें समज, सकाळपर्यंत वाट पाहा." तेवढ्या एका वाक्यानें तिचे चार तास वांचले असते. पालकांस माझी विनंति आहे, कीं मुलास निरोप देतांना हें वाक्य त्याच्याकडून वदवून घ्यावें. आणि मुलांनों, परक्या गांवीं उतरलां म्हणजे आधीं पोहोंचल्याचा निरोप, मग मुक्कामाचा शोध, हा क्रम मोडूं नका. मीं तो मोडला होता.

आतां अभ्यासासाठीं एक काम. युरोपचा नकाशा घ्या. म्युनिकपासून मिलानपर्यंत झुरिकवरून जाणारी रेषा काढा, तींत किती देश येतात तें मोजा, व त्यांपैकीं वरील नियमाबाहेरचा कोणता, तें तांबड्या शाईनें दाखवा. मग तोच नकाशा घरीं नेऊन आईबापांस समजावून सांगा.