नवी प्रणाली बसविताना विघ्न आल्यास

कार्यप्रणाली ही संगणकाच्या घरची कारभारीण होय. पडद्यावर अक्षरे उमटविणे, कळफलकाची आज्ञा ऐकणे, फायली जपून ठेवणे, ही सर्व कामे तिच्याच हातून होतात. विंडोज १० या प्रणालीचे नित्याचे साहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. तेव्हापासून आमच्या नवी मुंबईतील पुष्कळ कुटुंबांपुढे नवी प्रणाली बसविण्याचा प्रश्न उभा राहिला आहे. हे काम अर्ध्यावर अडले म्हणजे 'संगणक बिघडला' असा निकाल देऊन मोकळे होण्याकडे आपला कल असतो. परंतु अपयशास बहुधा एखादेच लहानसे कारण असते, आणि ते शोधण्याची रीत शिकता येते.

पहिला नियम हा की, आधी आपला ठेवा राखावा. आजोबांची छायाचित्रे, वडिलांचे हिशेब, मुलांचे प्रकल्प यांची दुसरी प्रत नसेल तर पुढे पाऊल टाकू नये. 'फॉरमॅट' हा शब्द दिसताच हात आवरावा. ती कळ दाबल्यावर गेलेले परत मिळेलच असे नाही. संगणक सुरूच होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, जुन्या डिस्कवर काहीही न लिहिता, बहुतेक वेळा फायली उतरवून घेता येतात. डिस्क कुलूपबंद असल्यास मात्र तिची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, जवळ हवी.

दुसरा नियम : पडद्यावरील संदेश पुरता वाचावा व वहीत उतरवून घ्यावा. '०एक्ससी१९००१०१' असा आरंभ असलेला अंक दिसल्यास दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे एखाद्या जोडयंत्राच्या दुभाष्याचा, असतो. अशा वेळी प्रिंटर व इतर जोडण्या काढून पुन्हा प्रयत्न करावा. 'हा संगणक पात्र नाही' असे उत्तर आल्यास अटी ताडून पाहाव्या. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती सोय पुष्कळदा यंत्रात असते, पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन ती चालू करता येते. प्रोसेसरच जुना असेल, तर हट्ट धरू नये.

तिसरा नियम : एका वेळी एकच बदल करावा. पेनड्राइव्ह, फाइल व मांडणी ही तिन्ही एकदम बदलली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. उतरविलेली फाइल अपुरी आली नाही ना, हेही पाहावे.

काही जण अशा वेळी बाजारातील चोरीची प्रत बसवितात. ती वस्तू आपली नव्हे, इतके कारण पुरे आहे. शिवाय तिच्यासोबत कोणते विष घरात येते हेही ठाऊक नसते. जुन्या यंत्रास प्रामाणिक मार्ग मोकळा आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली सिद्ध केली आहे. ती विनामूल्य असून तिच्यात मराठीची सोय आहे. याच संस्थेचे एक केंद्र आपल्या बेलापूर-खारघर भागात आहे.

विद्यार्थ्यांनो, रसायनशाळेत तुम्ही निरीक्षण, नोंद व मग निष्कर्ष असा क्रम पाळता. घरच्या मेजावरही तोच पाळा. उतावळेपणाने गमावलेले छायाचित्र कोणतीही नवी प्रणाली परत आणून देत नाही.