आयुष्याची याचना आणि साधनाचा काळ

नांदेड जिल्ह्यातील माहूर येथे बारा महिने यात्रेकरूंची ये-जा असते. त्यांत आयुष्य मागणारे पुष्कळ. कोणी लेकराचे मागतो, कोणी अंथरुणास खिळलेल्या धन्याचे, तर कोणी सत्तरी उलटल्यावर स्वतःचे. ही याचना मानवी आहे. तिचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु महानुभाव उपदेशी वासनिकही तिच्यात सामील होतो तेव्हा मात्र विचार करावा लागतो. मातापुरासंबंधीचा आचारप्रकरणातील निषेध वाचकांस ठाऊक आहे. कानड व तेलंग हे देश विषयबहुल म्हणून वर्ज्य केले आणि मातापूर व कोल्हापूर ही साभिमान स्थाने म्हणून. तेथील देवतेस आपल्या सामर्थ्याचा अभिमान, आणि साधनवंतास तिच्यापासून विघ्न. विघ्न म्हणजे काहीतरी संकट कोसळणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण देवता मागितलेले फळ देते, घेणारा तृप्त होतो आणि परमेश्वराकडे वळण्याची गरज त्यास उरत नाही. ह्याहून मोठे विघ्न ते कोणते?

त्याच माहूरच्या परिसरात देवदेवेश्वर हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचे निद्रास्थान म्हणून मार्गात वंदिले जाते. श्रीदत्तात्रेयप्रभूंचा अवतार चारही युगांचा. पंचकृष्णांत असा अवतार हा एकच. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी अवतारकार्य संपताच देह ठेवला. श्रीचक्रपाणिप्रभूंनी द्वारावतीस कामाख्येच्या निमित्ताने देहत्याग केला. आणि भडोचच्या विशाळदेव प्रधानाचा पुत्र हरिपाळ निवर्तला असता त्याचे पतित पूर स्वीकारून सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी प्रकट झाले, ही परंपरा सर्वश्रुत आहे. एक अवतार युगानुयुगे देह धारण करतो, दुसरा तो जुन्या वस्त्रासारखा सहज टाकतो, तिसरा दुसऱ्याने टाकलेला देह उचलून घेतो. परंतु ज्याचा अवतार अधिक काळ तो थोर आणि ज्याचा अल्प काळ तो उणा, अशी प्रतवारी संप्रदायात कोणी कधी केलेली नाही. देहाची दीर्घता तेथे जीवोद्धरणाच्या व्यसनापोटी आहे, जगण्याच्या गोडीपोटी नव्हे. मग माहूरला जाऊन त्या प्रभूंजवळ केवळ वर्षांची भर मागणे म्हणजे समुद्रावर जाऊन ओंजळभर मीठ मागण्यासारखे झाले.

दीर्घ आयुष्याचा विचार शास्त्राने केलेला नाही असे नाही. वय रोखून धरणाऱ्या विद्येचे, वयस्तंभिनीचे, नाव संप्रदायाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. द्वारावतीस श्रीचक्रपाणिप्रभूंनी बावन्न पुरुषांस विद्यादान केले. परंतु विद्या निराळी आणि ज्ञान निराळे. विद्येने सामर्थ्य येते, बंध तुटत नाही. नऊ थोव्यांच्या देवताचक्रात जी फळे सांगितली आहेत, त्यांतील कित्येकांची कालमर्यादा मनुष्याच्या कल्पनेत मावणारी नाही. तरीही ती मर्यादाच आहे. फळ सरले की जीव पुन्हा संसरणात येतो. शिवाय देवताफळात केवळ भोग आहे, नवे साधन नाही. नरकातही तेच. साधन घडते ते कर्मभूमीत, मनुष्यदेहात. म्हणून स्वर्गीच्या दीर्घ आयुष्यापेक्षा मनुष्याचे थोडके आयुष्य शास्त्रदृष्टीने मोलाचे ठरते. ह्याचा अर्थ आयुष्य तुच्छ असा मुळीच नव्हे. उलट जीवाच्या हाती काही करण्यासारखे आहे, असा हा एकच काळ आहे.

हा काळ आता पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढला आहे. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीजवळ आहे. लहानपणीचे मृत्यू घटले, पटकी, देवी, हिवताप ह्यांचा जोर मोडला, बाळंतपणे सुरक्षित झाली. मराठवाड्यातील खेड्यांतही सत्तरीचा वृद्ध आता नवलाचा राहिला नाही. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तिचा एक परिणाम वासनिकांच्या घरांत दिसतो. अनुसरण पुढे ढकलले जाते. मुलीचे लग्न होऊ द्या, शेताची वाटणी होऊ द्या, नातू शाळेत जाऊ द्या, मग अनुसरू. आयुष्य काय पडलेच आहे, असे म्हटले जाते. अनुसरण हे म्हातारपणाची सोय आहे, असा समज ह्यातून रूढ होतो.

असन्निधानीचा आचार काय आहे हे पाहिले म्हणजे ह्या समजुतीतील उणेपणा ध्यानी येतो. अटन, विजन, भिक्षा, भोजन आणि ह्या सर्वांतून अखंड स्मरण, असा हा दिनक्रम. ह्यांतील अटन पहिल्याने सुटते. गुडघे दुखू लागतात, दृष्टी मंदावते, परक्या गावची वाट चुकते. मग भिक्षा सुटते. चार घरे फिरवत नाही, आणि मिळालेले शिळे, कोरडे अन्न दातांना चावत नाही. विजन राहते, पण एकांतात बसलेल्याचे चित्त पाठीच्या कळेकडे जाते. स्मरण तेवढे शेवटपर्यंत शक्य असते. तेही ज्याने धडधाकटपणी त्याची सवय लावून घेतली त्यास. साठाव्या वर्षापर्यंत ज्याने सावकाराचे व्याज, बांधाचा तंटा आणि भावकीचे उणेदुणे ह्यांचेच स्मरण केले, त्याच्या ओठी सत्तराव्या वर्षी तेच येते. घरोघरी हे दिसते.

आयुष्य पडलेच आहे ह्या भरवशाचे मोल लातूर जिल्ह्याने एका पहाटे पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. थकून लोक घरात निजले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या घरात माणसे दगावली. दगड आणि मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचे जड माळवद, अशी ती घरे. पिढ्यान्‌पिढ्या टिकावीत म्हणून बांधलेली. तेच ओझे निजलेल्यांवर आले. मेलेल्यांत तान्ही बालके होती, कर्ते पुरुष होते, बाळंतिणी होत्या; कितीएक घरांत नातू गेला आणि आजी उरली. वयाचा क्रम तेथे चालला नाही. ह्या घटनेस कोणाच्या पापाचे फळ म्हणून दाखविण्याचा मोह टाळला पाहिजे. भूगर्भातील खडकांची हालचाल हे तिचे कारण. मेलेल्यांच्या कर्माचा हिशोब करण्याचा अधिकार कोणा जीवाला नाही.

वाढलेल्या आयुष्याची दुसरी बाजू शुश्रूषेची आहे. आईवडिलांचा व ज्येष्ठांचा सांभाळ करण्याचे दायित्व घालणारा कायदा २००७ साली केंद्राने केला. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली त्यापुढे पाऊल टाकले. जे कर्मचारी वृद्ध मातापित्यांस सांभाळीत नाहीत, त्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापून ती आईवडिलांस द्यावी, असा ठराव झाला. तशी कपात प्रत्यक्षात झाली. कपात झालेल्यांत शिक्षकही होते. मुले घडविण्याचे काम ज्यांच्याकडे, त्यांच्याच आईवडिलांना दाद मागावी लागली, ही गोष्ट जिल्ह्यास भूषणावह नाही. ठराव मात्र भूषणावह आहे.

आता प्रश्न मार्गाचा. वृद्ध भिक्षुकास पुत्र नाही आणि कापून घ्यावा असा कोणाचा पगारही नाही. त्याने घर सोडले ते परमेश्वराच्या शब्दावर. त्याचे गुडघे थकले म्हणजे त्यास धरणार कोण? दुखणाइताची आणि वृद्धाची शुश्रूषा हा आचाराचाच भाग मानला जातो. पण पुष्कळ ठिकाणी ती एखाद्या तरुण साधकाच्या स्वभावावर सोडलेली दिसते. तो निघून गेला की वृद्ध उघडा पडतो. आश्रमांतून सभामंडपास फरशी बसते, कळसास रंग लागतो, ह्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या खोलीत ऐंशी वर्षांचा तपस्वी निजतो, तिच्या उंबरठ्याला धरण्यास आधार आहे की नाही, रात्री उठल्यास दिवा आहे की नाही, हेही वासनिकांनी पाहावयास हवे. देवपूजेस नेमून दिलेला क्रम असतो, तसा शुश्रूषेसही नेमून द्यावा लागेल.

उपचारांच्या मर्यादेविषयीही अलीकडे विचारणा होते. बरे होण्याची आशा संपल्यावर कृत्रिम उपायांनी श्वास चालू ठेवू नये, अशी इच्छा मनुष्यास आगाऊ लिहून ठेवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी दिला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली. देह स्वतः होऊन नष्ट करणे निराळे आणि जाऊ लागलेल्या देहास यंत्राने अडवून न धरणे निराळे, हा भेद येथे नीट ध्यानी ठेवावा. औषध घेणे अनुचित नाही. परंतु शेवटचे दिवस नळ्यांच्या जाळ्यात, परक्यांच्या गडबडीत काढावयाचे की ज्ञात्याच्या मुखातून लीळा ऐकत काढावयाचे, ही निवड शुद्धीत असतानाच करून ती घरच्यांच्या कानी घातलेली बरी. मुलांवर तो भार टाकला म्हणजे ती लोकलज्जेस्तव रुग्णालयाची वाट धरतात, आणि मागाहून जमीन विकतात.

स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर श्रीनागदेवाचार्यांची अवस्था काय झाली हे साधक जाणतातच. विरह अनावर होता. तथापि स्वामींस आणखी काही वर्षे ठेवून घ्यावे, अशी याचना त्यांनी कोणा देवतेपाशी केली नाही. ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. सेवा आणि एकेका लीळेचे मनन, ह्यांत त्यांचा काळ गेला. ते मनन पाहूनच म्हाइंभटांच्या मनात त्या लीळा लिहून ठेवण्याचे आले. पुढे म्हाइंभट गावोगाव हिंडले, ज्याने जे पाहिले ते त्याच्याच तोंडून ऐकले, आणि वाजेश्वरीच्या देवळात लीळाचरित्र सिद्ध झाले. नंतरच्या परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा एकपाठी हिराइसेच्या स्मरणात असलेल्या लीळा तिच्या मुखातून उतरवून घेण्यात आल्या. तो हिराइसापाठ म्हणून ओळखला जातो.