परदेशी गेलेला ठेवा आणि गावची नोंद

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती आहे. १८८८ साली खोदकामात ती सापडली, तेव्हा इंग्रज अधिकारी ती विलायतेस नेणार होते. परंतु गावकऱ्यांनी तत्परतेने तिची प्रतिष्ठापना केली व मूर्ती गावातच राहिली, असे परंपरेने सांगितले जाते. मूर्तीबरोबर निघालेले ताम्रपट मात्र बाहेर गेले, असेही जुने लोक सांगतात. मूर्ती आज डोळ्यांसमोर आहे. ताम्रपटांची केवळ आठवण उरली आहे.

गेलेली वस्तू परत मागावयाची, तर ती आपली असल्याचे सिद्ध करावे लागते. नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथे लिलावास निघाली. तिच्या पात्यावर त्यांचे नाव देवनागरीत कोरलेले होते. राज्य शासनाने ४७.१५ लाख रुपयांस ती मिळविली व ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. याउलट, जुलै २०२४ मध्ये साताऱ्यास आलेली वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने उसनी मिळाली आहेत. ती अफजलखान वधातीलच होत, याची खात्री देता येत नाही, असे ती देणारे लंडनचे संग्रहालयच म्हणते.

सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापारास आळा घालणारा युनेस्कोचा करार १९७० साली झाला व भारताने तो १९७७ साली स्वीकारला. त्यापूर्वी गेलेल्या वस्तूंना त्याचे बंधन लागू होत नाही. म्हणून त्यांच्यासाठी खरेदी, उसनवार किंवा सामोपचार हेच मार्ग उरतात. नंतरच्या चोऱ्यांबाबत मात्र पुरावा असल्यास दाद मिळते. तमिळनाडूतील श्रीपुरंतान येथील मंदिरातून चोरीस गेलेला नटराज २०१४ साली ऑस्ट्रेलियाने परत केला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी घेतलेली मंदिरातील छायाचित्रे त्या कामी निर्णायक ठरली.

सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधव यांच्या समाधीच्या परिसरात, जून २०२४ मध्ये, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास शेषशायी विष्णूचे शिल्प आढळले. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली निघाले, त्याची मोजमापे प्रसिद्ध झाली. मेहकरच्या ताम्रपटांना हे भाग्य लाभले नव्हते.

शेत नांगरताना वा पाया खणताना मूर्ती, नाणी, ताम्रपट सापडल्यास ते हलवू नयेत. जिल्हाधिकारी, तहसीलदार किंवा पोलीस ठाण्यास त्वरित कळवावे. निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये मौल्यवान निधी सापडल्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. गावच्या देवळातील प्राचीन मूर्तींची छायाचित्रे समोरून, बाजूने व मागून घ्यावीत. उंची, रुंदी, भंगलेले भाग व खुणा टिपून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. त्यास खर्च फारसा नाही. उद्या एखादी मूर्ती सातासमुद्रापार सापडली, तर तिला गावी आणणारा पहिला साक्षीदार हाच कागद होय.