‘फ्री बँड’वाल्याची ग्यारंटी

वॉकीटॉकीचा सेट विकणाऱ्याचं नाव देत नाही. दिलं तर उलट तोच मला नोटीस पाठवायचा. त्याचं वाक्य मात्र देतो : “सी.बी. आहे साहेब, फ्री बँड. लायसनची भानगडच नाही. पन्नास किलोमीटर ग्यारंटी.” यातला एक शब्द खरा निघाला नाही.

मी दुकानात सी.बी., म्हणजे सिटिझन्स बँडचा सेटच मागितला होता. आमचा पुतण्या अमेरिकेत मोटारहोम घेऊन हिंडतो, त्याच्या डॅशबोर्डवर हा सेट असतो. तिकडे १९ नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले बोलतात. पुढे अपघात झालाय, रस्ता तुंबलाय, सगळं त्यावर कळतं. ९ नंबर अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला. आपल्याकडे २०२१मध्ये सरकारचं कॅराव्हॅन धोरण आलं, तशा गाड्या भाड्यानं मिळू लागल्या. आम्ही एक ठरवली, मागे आमची कार, आणि मोबाइलची रेंज जाते तिथे बोलायला हे सेट. यात माझं काय चुकलं, ते कुणी तरी सांगावं.

आमच्या विंचूरला करून पाहिलं तेव्हा आवाज खणखणीत. एक जण उपबाजारापाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीत, दुसरा वाइन पार्ककडे. सपाट मुलूख, मध्ये डोंगर ना टेकडी. गिऱ्हाईक घराजवळच करून बघणार, हे विकणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं.

सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, ओतूर, इथवर सगळं ठीक. माळशेज घाटात धुकं उतरलं. आमच्या नानांना उलटी झाली म्हणून आम्ही कार कडेला घेतली आणि कॅराव्हॅन वळणाआड गेली. मी बटण दाबून ओरडतोय, “थांबा, नानांना बरं नाही,” आणि पलीकडून नुसती खरखर. मोबाइलला एक काडी नाही. शुगरच्या गोळ्यांची पिशवी पुढच्या गाडीत. टोकावड्याला गाठ पडली तेव्हा कॅराव्हॅनमधले मेहुणे आरामात चहा पीत होते. “काय दाजी, खेळणं बंद पडलं वाटतं?” त्यांनी सेट सीटखाली टाकला होता आणि वर गाणी लावली होती, हे मागाहून ड्रायव्हरनं सांगितलं. तेव्हा कातळाचा दोष किती आणि मेहुण्यांचा किती, याचा हिशेब अजून व्हायचाय.

घरी आल्यावर पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले आमचे एक पाहुणे आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बॅटरीचं झाकण नखानं उघडलं आणि आतलं स्टिकर डोळ्यांजवळ धरलं. मग बॉक्स उलटापालटा केला. “सी.बी.ला ४० चॅनेल असतात. यावर २२ लिहिलेत. हे अमेरिकेतलं एफ.आर.एस., ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झवर चालणारं. तिकडे फ्री, इकडे नाही. ईटीए नंबर, म्हणजे सरकारी मान्यतेचा, तर कुठेच दिसत नाही.” एवढं बोलून त्यांनी सेट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “जपून ठेवू नका.” परवाना लागणारा सेट परवान्याशिवाय नुसता जवळ बाळगणंही कायद्यात बसत नाही, हे त्यांनी त्यानंतर सांगितलं. म्हणजे नानांना घेऊन मी घाट उतरत होतो, तो हा ऐवज खिशात घालून.

दुकानदाराला फोन लावला. “बॉक्सवर यू.एस.ए. लिहिलंय की साहेब, वाचायचं ना.” विकताना हेच यू.एस.ए. त्यानं बोट ठेवून दाखवलं होतं, क्वालिटी म्हणून.

तर आता ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी. आपल्याकडे सी.बी. परवान्याविना चालतो तो २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झमध्ये, ५ वॅटपर्यंत, अँटेना सेटमध्येच असलेला. पुतण्या-भाच्यानं तिकडून ४० चॅनेलचा सेट आणला तर २८व्या चॅनेलपासून पुढचं सगळं या पट्ट्याबाहेर जातं, आणि टपावर लांब अँटेना ठोकली की सवलतही संपली. दुसरा रस्ता ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचा. तो २०१८मध्ये मोकळा झाला, ताकद अर्धा वॅट. प्रवासात हाच सोयीचा, कारण त्याला वीतभर अँटेना पुरते, सी.बी.च्या लहरी ११ मीटर लांब, त्यांना हातातली काडी अपुरीच पडते. दोन्हीत ईटीए नंबर बघा, आणि तो मॉडेलच्या नावासकट पक्क्या बिलावर लिहून घ्या. दुकानदार कां-कूं करू लागला की पायरी उतरा.

किलोमीटरचा आकडा वाचूच नका. तो डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर मोजलेला असतो. अर्धा वॅट कातळ भेदत नाही, कायदेशीर सेटचाही नाही. पत्र्याच्या गाडीत सेट काचेशी, उभा धरा. घाट लागण्याआधी थांबायची जागा ठरवा, औषधं ज्याची त्याच्या गाडीत ठेवा, आणि सेट अशा माणसाकडे द्या ज्याला गाण्यांपेक्षा माणसं महत्त्वाची वाटतात. बाकी पाणी, टॉर्च, जादा सेल वगैरे तुम्हाला माहीतच आहे. हॅम रेडिओचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, छंद म्हणून उत्तम. पण दोन्ही टोकांना परवानेवालेच हवेत, म्हणजे आधी मेहुण्यांना परीक्षेला बसवा.

मी उगाच कांगावा करतोय असं वाटणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की अशाच वॉकीटॉकींच्या विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या बड्या कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि नियमावलीही आणली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मात्र अजून कुणी विचारलेलं नाही. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रारीला बिल जोडायला हवं, म्हणून मी त्याच्या दुकानात खेटे घालतोय, आणि तो म्हणतो, “मशीन बंद आहे साहेब, सोमवारी या.”